आधी लेखकाचे पाकीट

वाचकांचे प्रश्न : हौशी नाटकाचा जमाखर्च

प्रश्न : ताई, आमच्या वाडीत माघी गणपतीला दरवर्षी नाटक होते. स्त्री कलाकार दोघी बाहेरून आणतो, बाकी सगळे वाडीतले आणि मुंबईहून आलेले. तिकीट नसते. यंदा मुंबई मंडळातला एक मुलगा म्हणाला, लेखकाची परवानगी नसेल तर नाटक करता येणार नाही. पुस्तकाच्या आतल्या पानावर तसे छापलेले आहे, पण आजवर कोणी मनावर घेतले नव्हते. नाटक सामाजिक, एकाच घरात घडणारे. गेल्या वर्षीचा खर्च असा : मंडप आणि स्टेज १०,०००, साउंड-लाइट १५,०००, सीनसीनरी १२,०००, दोन स्त्री कलाकार १२,०००, कपडे ५,०००, मेकअप ४,०००, छपाई ३,५००, चहा-जेवण ६,०००. एकूण ६७,५००. वर्गणी आणि प्रयोगात प्रेक्षकांनी दिलेली बक्षिसे मिळून ६१,००० जमले, उरलेले आम्ही चौघांनी घातले. आता लेखकाला द्यायचे तर कुठून? आणि फुकटच्या नाटकाला परवानगी लागते का?
— एका वाडीच्या मंडळाचे चिटणीस, राजापूर तालुका

उत्तर : चिटणीसभाऊ, हिशेब इतका स्वच्छ लिहून पाठवलात याबद्दल आधी आभार. तुमच्या यादीत मंडपवाला आहे, छापखानेवाला आहे, चहा करणारा आहे. ज्याने लिहिलेले ऐकायला अख्खी वाडी थंडीत तीन तास बसली, तो मात्र यादीत नाही. ही गोष्ट मला फार लागते, आणि तुमच्या एकट्याच्याच वहीत ती आहे असेही नाही.

कायद्याचे आधी बघू. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये कशाकशाला हक्कभंग म्हणायचे नाही याची लांब यादी आहे, आणि त्यात हौशी मंडळांना एक सवलत आहे : हौशी क्लबने किंवा संस्थेने पैसे न घेता प्रेक्षकांना दाखवलेला, किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला नाटकाचा प्रयोग हक्कभंग ठरत नाही. तेव्हा देवळापुढच्या मंडपात विनातिकीट केलेले तुमचे नाटक या सवलतीत बसू शकते. पण सवलत केवढी, तेही बघा. ती प्रयोगापुरती आहे. नाटकाचे प्रवेश गाळायला ती लागू नाही. एका पुस्तकाच्या दहा झेरॉक्स काढायलाही नाही. पुढच्या चार रांगांना ५० रुपये लावलेत तर विनामूल्य प्रेक्षक हा आधार गेला. तेच नाटक शिमग्याला शेजारच्या गावात सुपारी घेऊन केलेत, तरी गेला. आणि नाईट, म्हणजे प्रयोगाचे मानधन, देऊन बाहेरचे कलाकार आणता, तर मंडळ हौशी कसे, असाही प्रश्न कोणी काढू शकतो.

म्हणून मी प्रत्येक मंडळाला एकच सांगते : सवलतीचा कीस काढत बसू नका. लेखकाला पत्र लिहा, मानधन विचारा आणि ते तालमीला नारळ फोडण्याआधी पोचवा. मालवणातल्या आमच्या संस्थेची वही गेली बरीच वर्षे माझ्याकडे आहे. तिच्यात खर्चाची पहिली ओळ लेखकाची असते. कोणी प्रयोगाला दीड हजार घेतले, कोणी तीन. एका ज्येष्ठ लेखकांनी पैसे नको म्हणून सांगितले आणि हँडबिलाची एक प्रत तेवढी मागवून घेतली. गावचे हौशी मंडळ आहे, तिकीट नाही, असे मोकळेपणाने लिहिले की बहुतेक जण झेपेल असाच आकडा सांगतात. न विचारता केलेला प्रयोग त्यांना कळतो तो कोणीतरी फेसबुकवर टाकलेल्या फोटोतून. त्या वेळी त्यांना काय वाटत असेल, याचा विचार करा.

पत्र लांबलचक नको. आमचे साधारण असे असते :

‘आम्ही अमुक गावचे हौशी मंडळ. आपले अमुक नाटक अमुक तारखेला, अमुक देवळाच्या मंडपात, एकदाच करू इच्छितो. प्रवेश विनामूल्य. संहितेत बदल करणार नाही. फक्त वेळेसाठी दुसऱ्या अंकातला एक प्रवेश थोडा कमी करावा लागेल, तो भाग सोबत जोडला आहे. आपली हरकत असल्यास करणार नाही. प्रयोगाचे चित्रीकरण कुठेही दाखवणार नाही. हँडबिलावर आणि पडदा उघडण्यापूर्वीच्या निवेदनात आपले नाव घेऊ. आपले मानधन आणि बँकेचा तपशील कृपया कळवावा.’

उत्तर लेखी घ्या. फोनवर ‘करा हो’ म्हणाले म्हणून थांबू नका. फोनवर बोललेले पुढच्या वर्षीच्या नव्या चिटणिसाला दाखवता येत नाही. परवानगी किती प्रयोगांची आणि कधीपर्यंतची, हेही त्यात येऊ द्या. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो, पण तेवढ्यावर विसंबण्यापेक्षा तारीख लिहिलेली बरी. पुस्तकात लेखकाचा पत्ता जुना असेल तर प्रकाशकाला पत्र टाका, तो पुढे धाडतो.

एक दुसरे कागदपत्र याच्याशी नेहमी गल्लत करून मागितले जाते : रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र, ज्याला आपण सेन्सॉर म्हणतो. ते संहिता तपासून राज्य सरकारचे मंडळ देते, लेखकाच्या परवानगीशी त्याचा संबंध नाही. रंगमंचावर आधी होऊन गेलेल्या नाटकाला ते बहुधा मिळालेले असते. लेखकाला लिहिताना त्याचीही प्रत मागून घ्या. पुढे कधी राज्य हौशी नाट्यस्पर्धेत उतरायचे मनात आले, तर सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे ही दोन्ही कागदपत्रे द्यावी लागतात.

आता पैसे कुठून. तुमच्या यादीत सीनसीनरीचे १२,००० मला खुपतात. महाल, रस्ता, बाग असे पडद्यांचे गाठोडे टेंपोने यायचे, दिवसभर ते बांधायचे आणि घडणार काय, तर एका घरातले नाटक! मागे एक काळा पडदा ठेवा. बांबूच्या दोन चौकटी करा, त्यांवर गोणपाट घट्ट ताणा, चुन्याचा हात द्या आणि खालच्या हातभर पट्ट्याला गेरू. लाइट पडला की ती मातीची भिंत दिसते. गोणपाट पेट घेते, म्हणून हॅलोजन त्याच्यापासून दूर आणि विंगेत वाळूची बादली, हे मात्र विसरायचे नाही. बाकडे, देव्हारा, कंदील, सूप, रोवळी वाडीत घरोघर आहे. प्रत्येक वस्तूवर मालकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवा आणि परत करायची जबाबदारी एकाच माणसावर टाका. वस्तू हरवली की पुढच्या वर्षी कोणी देत नाही. सुतार, बांबू, गोणपाट, रंग धरून हे काम तीन-चार हजारांत व्हावे, आणि चौकटी पुढच्या वर्षीही वापरता येतात.

साउंड-लाइटचा एकच आकडा घेऊ नका. नगावारी मागा. माईक किती, कोणते, स्पॉट किती, उजेड कमी-जास्त करणारा डिमर आहे का, माणूस रात्रभर थांबणार का. हल्ली गणपतीच्या आरासीचे झगमगते शार्पी दिवे आणि धुराचे मशीन नाटकालाही माथी मारतात. घरगुती नाटकाला ते कशाला? कॉलर माईकचे भाडे नगावर असते, आठ कलाकारांना आठ लागतात, आणि हौशी नटाचा हात संवादाच्या भरात छातीवर गेला की खरखर सगळ्या मंडपाला ऐकू जाते. वरून टांगलेले चार माईक पुरतात, फक्त ते कुठे येणार ते दिग्दर्शकाला तालमीतच माहीत हवे. शेवटच्या आठ दिवसांत आम्ही तालमीच्या जागेत दोऱ्या टांगतो, म्हणजे नटाच्या पायांना ती जागा ठाऊक होते.

स्त्री कलाकारांच्या १२,००० ला हात लावू नका, उलट त्यात थोडी भर घाला. त्या लांबून येतात, परक्या गावात उतरतात, प्रयोग संपतो तेव्हा बरीच रात्र झालेली असते. कपडे बदलायला दाराला कडी असलेली खोली, जवळ संडास, प्रयोगाआधी जेवण, आणि रात्री एखाद्या कुटुंबात झोपायची सोय किंवा स्टेशनपर्यंत गाडी आणि गाडीत वाडीतली एक बाई. हे सगळे अंदाजपत्रकात लिहा. लिहिले नाही की ऐनवेळी कोणाच्या तरी मोटरसायकलवर भागवले जाते. एका गावी आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो, तिथे स्वयंपाकघरामागे एक साडी आडवी बांधून मेकअपची खोली केली होती. ती मुलगी एक शब्द बोलली नाही, पण त्या मंडळाकडे ती परत गेली नाही.

वेळेचाही पैशांशी संबंध आहे. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे. वर्षातले फार तर १५ दिवस राज्य सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकते, आणि तुमचा दिवस त्यात आहे का ते आधी पोलीस ठाण्यात विचारायला हवे. आरती, सत्कार, भाषणे करून ११ ला पडदा उघडायचा आणि मध्येच माईक बंद करायची वेळ आली, तर ६७,५०० पाण्यात. सात वाजता सुरू करा, सत्कार दुसऱ्या दिवशी ठेवा.

उरली बक्षिसे. चालू प्रवेश थांबवून ‘यांजकडून १०१’ वाचणे मला पटत नाही, पण गावाची हौस आहे हेही कळते. ती मध्यंतरात वाचा. आणि मुंबई मंडळाला एकच काम द्या : ‘यंदापासून लेखकाचे मानधन तुमच्याकडे.’ ज्या मुलाने प्रश्न काढला त्यालाच ते जमवायला सांगा. हँडबिलावर ‘लेखक मानधन : मुंबई मंडळ’ अशी ओळ छापा. हे पैसे एका बैठकीत जमतील.

प्रश्न : एक शहरी, प्रमाण मराठीतले नाटक आम्हाला मालवणीत करायचे आहे. आमच्या आजयेक कळाक व्हया (आमच्या आजीला कळायला हवे), असे सगळ्यांचे म्हणणे. लेखकाची प्रयोगाची परवानगी मिळाली आहे. आता भाषा आमची आम्ही केली तर चालेल ना?
— वेंगुर्ल्याचा एक दिग्दर्शक

उत्तर : नाही चालणार, त्यासाठी वेगळे विचारावे लागेल. प्रयोग करणे हा एक हक्क, भाषांतर आणि रूपांतर करू देणे हे वेगळे हक्क, आणि कायद्याने ते सगळे लेखकाकडेच असतात. लेखकाने प्रयोगाला होकार दिला तो त्याने लिहिलेल्या शब्दांना दिला.

पण तुम्ही निराश होऊ नका, कारण मालवणी करण्याची तुमची इच्छा अगदी योग्य आहे आणि ती लेखकाला पटवता येते. पहिला प्रवेश पूर्ण मालवणीत लिहून काढा आणि पाठवा. नुसते ‘मालवणीत करू का?’ विचारले तर लेखकाच्या डोळ्यांपुढे येतात ते सिनेमातले विनोदी नोकर. त्याची गंभीर बाई मालवणीत तितकीच गंभीर राहते, हे त्याला वाचून कळू दे. सोबत मोबाइलवर वाचन करून त्याचा आवाजही पाठवा, कारण मालवणी कागदावर अर्धीच दिसते.

परवानगी आली की तीन गोष्टी लेखी ठरवा. मालवणी संहितेवर नाव कोणाचे : मूळ लेखक वर, रूपांतरकार खाली, दोन्ही नावे सारख्या टाइपात. मानधन दोघांना कसे. आणि ही मालवणी संहिता दुसऱ्या मंडळाने मागितली तर कोणाला विचारायचे. रूपांतरकाराचा स्वतःच्या शब्दांवर हक्क असतोच, पण मूळ लेखकाला वगळून तो ती कोणाला देऊ शकत नाही.

शेवट बदलणे, पात्राचा धर्म किंवा व्यवसाय बदलणे, गावातल्या निवडणुकीवरचे टोमणे घुसडणे, हे भाषांतरात बसत नाही. कलम ५७ प्रमाणे आपल्या कृतीची मोडतोड होऊन नावाला बाध येत असेल, तर हक्क विकून टाकलेला असला तरी लेखक दाद मागू शकतो.

लेखकाने नकार दिला तर तो माना, आणि तुमच्याच वेंगुर्ल्यातल्या लिहिणाऱ्या माणसाकडे जा. दशावतारात पुराणातली कथा घेऊन रंगमंचावरच संवाद उभे करणारी माणसे तुमच्या आजूबाजूला आहेत. पुराणकथेवर कोणाचाही हक्क नाही. आजच्या एखाद्या लेखकाने बसून लिहिलेला नाट्यप्रसंग मात्र त्याचाच, तिथेही विचारायचे. नवे नाटक गावातल्या मास्तरांनी लिहिले तरी त्यांना पाकीट द्या आणि कागद करा. आपलाच माणूस म्हणून शाल-श्रीफळावर भागवू नका.

प्रश्न : आमचा महिलांचा गट आहे. जुने नाटक करायचे ठरते, पण लेखक वारलेले. परवानगी कोणाची घ्यायची? कितीही जुने असले तरी लागते का?
— गुहागर

उत्तर : ताई, लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. ही ६० वर्षे मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. तोवर वारसांची परवानगी लागते. वारस अनेक असतील तर ज्याच्याकडे कारभार आहे त्याचे पत्र घ्या आणि त्यात ‘सर्व वारसांच्या वतीने’ असे लिहून घ्या.

गोविंद बल्लाळ देवल १९१६ ला गेले, राम गणेश गडकरी १९१९ ला, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ ला. या तिघांच्या नाटकांना आता कोणाची परवानगी नको. आचार्य अत्रे १९६९ ला गेले, त्यांच्या नाटकांचा हक्क ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत आहे. तुमच्यासाठी आनंदाची गोष्ट वेगळीच आहे. चिपळुणात जन्मलेले, मालवणच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे ते मामा वरेरकर १९६४ ला गेले, म्हणून १ जानेवारी २०२५ पासून त्यांची नाटके सर्वांना मोकळी झाली. हुंड्यावरचे ‘हाच मुलाचा बाप’ काढून वाचा. आपल्या किनाऱ्याचा लेखक आणि विषय अजूनही दारात उभा. यंदा कोकणातल्या चार मंडळांनी तरी वरेरकर करावेत असे मला मनापासून वाटते.

दोन ठिकाणी जपा. संगीत नाटकात पदे दुसऱ्याची असू शकतात. ‘एकच प्याला’ची पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. ते १९६२ ला गेले, म्हणून ती २०२३ पासून मोकळी झाली. दुसरे, बाजारात जुन्या नाटकाची अलीकडे कोणी केलेली दोन अंकी रंगावृत्ती, म्हणजे प्रयोगासाठी बेतलेली संहिता, मिळते. मूळ नाटक मोकळे असले तरी त्या रंगावृत्तीवर ती करणाऱ्याचा हक्क असतो. वाचनालयातून मूळ प्रत काढा आणि काटछाट तुमची तुम्ही करा. चार बायकांनी बसून जुने पाच अंक दोनावर आणणे हीच उत्तम तालीम होते.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनात एकांकिका बसवतो. आम्हालाही हे सगळे लागू का?
— एक शिक्षक, देवगड तालुका

उत्तर : शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी केलेला, शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेशी संबंधित माणसांपुढचा प्रयोग असेल, तर कायद्यात शाळांना स्वतंत्र सवलत आहे. गावाला तिकीट विकलेत किंवा एकांकिका स्पर्धेला नेलीत, तर परवानगी घ्या. आणि सर, सवलत असली तरी मुलांकडून लेखकाला एक पत्र लिहून घ्याच. आपल्याला येणारे उत्तर मुले जपून ठेवतात.

प्रश्न : मुंबईत अडकलेल्या चाकरमान्यांसाठी नाटक यूट्यूबवर लाइव्ह दाखवले तर? तसेच पार्श्वसंगीताला सिनेमाची जुनी गाणी वापरतो, त्याचे काय?
— दापोली

उत्तर : लाइव्ह दाखवणे म्हणजे प्रयोगाच्या पलीकडे जनतेपर्यंत पोचवणे, त्याला लेखकाची वेगळी परवानगी लागते, विनामूल्य असले तरी. पत्रात ते आधीच विचारा. ‘फक्त मंडळाच्या सभासदांना, एक दिवस, नंतर काढून टाकू’ असे लिहिले तर होकार मिळण्याची शक्यता वाढते. होकार नसेल तर प्रेक्षकांतले मोबाइलही निवेदनातच बंद करायला सांगा, कारण तुम्ही दाखवले नाही तरी नाटक मंडपातल्या मोबाइलवरून बाहेर गेलेले असते.

गाण्यांचे दुखणे जास्त आहे. हौशी मंडळांच्या सवलतीत साहित्य, नाट्य आणि संगीत कृतींचा उल्लेख आहे, ध्वनिमुद्रणाचा नाही. सिनेमाच्या गाण्यात गीतकार, संगीतकार आणि ध्वनिमुद्रणाची मालक कंपनी असे तीन हक्क एकत्र असतात. त्यांची परवानगी काढायला जो खटाटोप आणि पैसा लागेल त्यात तुमच्या दापोलीचा पेटीवाला आणि मृदंगवाला दोन रात्री येतील. नमन या आपल्या लोककलेतली वाजवणारी माणसे आहेत ना तुमच्याकडे? त्यांना शेवटच्या चार तालमींना बसवा, प्रवेश बदलताना काय वाजवायचे ते त्यांनाच ठरवू द्या, आणि त्यांचे मानधन हिशेबात लेखकाच्या लगेच खाली लिहा.